दोन टोकांची चावी

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे. पण मला खिशात घालायला जाल तर खिसाच उरणार नाही. मी कुलपाची चावी नव्हे. मी पाण्याच्या मुख्य वॉलची, म्हणजे व्हॉल्व्हची, चावी. कमरेइतका उंच लोखंडी दांडा, खाली चौकोनी तोंड, आणि वर दोन्हीकडं पसरलेला लांबलचक आडवा दांडा. लांबून बघितलं तर कुणी तरी दोन्ही हात पसरून "या, या" म्हणत उभं आहे असं वाटतं. मला स्वतःला तरी तसंच वाटतं.

छत्रपती संभाजीनगरात, चिकलठाण्याच्या कारखान्यांमागं जो माळ आहे, त्यावर आमची माळवाडी वसाहत. चार गल्ल्या. टाकीला लागून मळा गल्ली, तिथं शेतीवाडीतून शहरात आलेली घरं. तिच्यापुढं कामगारांची चाळ गल्ली. मग बुद्धविहाराची विहार गल्ली. आणि सगळ्यांत शेवटी, जराशी उंचावर, भाडेकरूंची चढ गल्ली. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, पाळीनं येतं. पाळीच्या दिवशी शहराच्या पाइपातून आमची टाकी भरते, मग टाकीखालच्या चेंबरात मला उतरवतात, वॉल उघडतात आणि गल्ल्यांना पाणी सुटतं. त्या दिवशी कुणी पाहुण्याकडं जात नाही, कुणी बाजाराला निघत नाही. एवढी माझी किंमत!

माझा जन्म मोतीरामबाबांच्या हातचा. ते चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपात लेथवर होते. वसाहतीनं त्यांना सांगितलं, "वॉलची चावी करून द्या." एक साधी आखूड चावी त्यांनी दुपारच्या सुट्टीत करून टाकली असती. पण बाबा विचारात पडले. त्यांनी एका बंद पडलेल्या यंत्राचा शाफ्ट आणला, आणि संध्याकाळी अंगणातल्या खुंट्यावर एक बांबू मधोमध अडकवून बायकोला हाक मारली.

"मालन, ये गं. या बांबूचं ते टोक धर आन् पुढं ढकल. मी इकडून ढकलतो."

मालनबाई पदर खोचत म्हणाल्या, "कामाला बोलावलं का भांडायला? तुम्ही माझ्याकडं ढकलणार, मी तुमच्याकडं."

"ढकल तर खरं."

दोघं समोरासमोर उभे राहिले. बाबांचं तोंड पूर्वेला, मालनबाईंचं पश्चिमेला. दोघांनी आपापल्या पुढं जोर लावला. आणि बांबू मधल्या खुंट्याभोवती गरकन फिरला. मालनबाई पडता पडता वाचल्या आणि लहान मुलीसारख्या हसत सुटल्या.

"बघितलं?" बाबा म्हणाले. "तोंडं इरुद्ध दिशेला, पण फिरणं एकच."

त्या बांबूच्या मापानं माझा आडवा दांडा झाला. मुद्दाम असा लांब, की एकट्याचे हात दोन्ही टोकांना पोचू नयेत. मुख्य वॉलही तसाच जड होता. कुणी तरी विचारलं, "मोतीराम, एका माणसाचं काम दोघांना कशाला?" बाबा म्हणाले, "पाणी एकट्याच्या हातात गेलं की त्याला दुसऱ्याची तहान कळत नाय, म्हणून."

मी झाल्यावर जे लोखंड उरलं, त्यातून बाबांनी माझ्या चार धाकट्या बहिणी घडवल्या. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक लहान वॉल असतो, त्याच्या त्या चिमुकल्या चाव्या. एकेका गल्लीकडं एकेक. त्यांचं तोंड बाबांनी माझ्यापेक्षा वेगळ्या मापाचं ठेवलं. मी मोठी असले तरी गल्लीच्या चेंबरात माझं काही चालत नाही, मी तिथं बसतच नाही. आणि त्यांनाही माझ्या चेंबरात जागा नाही.

"कोणाकडं लगीन हाय, कोणाकडं मयत झाली, कुणाचा पाइप फुटला, ते गल्लीला कळतं," बाबा सांगायचे. त्यांच्या घरात भिंतीवर संविधानाची उद्देशिका लावलेली होती, तिच्याकडं बोट दाखवून ते पुढं म्हणायचे, "देशाचं तरी काय हाय? दिल्लीचं काम दिल्लीनं बघायचं, राज्याचं राज्यानं, गावाचं गावानं. कामं वाटून दिलीत. माणसं तोडून नाय दिली. समदे मिळून एकच देश."

मित्रांनो, मी लोखंडाची. मला शाळा नाही. पण संघराज्य म्हणजे काय हे मला तिथं, तेलाच्या चिंधीनं पुसलं जाताना, कळलं.

पहिली बरीच वर्षं वसाहतीच्या पाणी समितीच्या नऊच्या नऊ जागा नानासाहेबांच्या मळा पॅनलकडं असायच्या. नानासाहेब म्हणजे मळा गल्लीतले मोठे शेतकरी. उंच, पांढरा शर्ट, खांद्यावर उपरणं, आवाज असा की टाकीवरची कबुतरं उडावीत. माणूस वाईट नव्हता. वसाहतीची टाकी त्यांच्याच धडपडीनं उभी राहिली. पण त्या वर्षांत माझ्या दोन्ही टोकांना त्यांचेच दोन पुतणे उभे असायचे. माझं काम सोपं होतं, कुरकुर नव्हती. चढ गल्लीत मात्र पाणी पोचायच्या आधीच टाकी तळाला जायची, आणि ते विचारणारं समितीत कुणीच नव्हतं. दोन टोकं होती, पण हात एकाच घरचे. बाबांची ती मेहनत तेव्हा वाया गेल्यासारखी वाटायची.

मग मागच्या निवडणुकीत वारं फिरलं. मोतीरामबाबांची सून विशाखा उभी राहिली. ती औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. बोलणं मऊ, पण एकदा ठरवलं की हलायची नाही. चाळ गल्लीतून द्वारकाबाई उभ्या राहिल्या. त्या खानावळ चालवतात आणि त्यांच्या तोंडाला अख्खी वसाहत वचकून असते. मतं मोजली तेव्हा नानासाहेबांना चार जागा, विशाखाला तीन, द्वारकाबाईंना दोन. कारभाराला पाच लागतात. पाच कुणाकडंच नाहीत!

किती दिवस ओट्याओट्यावर तेच चाललं होतं. सगळ्यांना वाटलं, विशाखा आणि द्वारकाबाई एक होणार. दोघीही नानासाहेबांच्या विरोधात लढल्या होत्या. विशाखा द्वारकाबाईंकडं गेलीही. तिची एकच अट होती, पाळीच्या दिवशी पहिलं पाणी चढ गल्लीला सोडायचं, कारण शेवटी सोडलं तर ते तिथं पोचतच नाही.

"आन् माझ्या चाळीनं काय धुराडी चाटायची?" द्वारकाबाई म्हणाल्या. "पहिलं पाणी चाळीला. मत मला चाळीनं दिलंय, चढानं नाय."

त्यांचंही खोटं नव्हतं. मग एका संध्याकाळी नानासाहेब स्वतः विहार गल्लीत, विशाखाच्या घरी आले. इतक्या वर्षांत मतं मागायलासुद्धा ते त्या ओट्यावर कधी टेकले नव्हते. मोतीरामबाबांनी तेल द्यायला मला घरी आणलं होतं, म्हणून मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते.

"विशाखाताई," ते म्हणाले, "मला तुमची भाषणं पटली नायत. पण चढ गल्लीचं पटलं. माझ्या टाकीचं पाणी शेवटच्या घराला जात नाय, ही माझीच लाज हाय."

"टाकी तुमची नाय, नाना. सगळ्यांची हाय."

"बरं बाई, सगळ्यांची. बसू का?"

विशाखानं चटई टाकली. दोन गोष्टी ठरल्या. पहिलं पाणी चढ गल्लीला. आणि गल्ल्यांच्या लहान चाव्या गल्ल्यांकडंच राहतील, समिती त्यात हात घालणार नाही. बाकी शंभर बाबतींत दोघांचं पटत नव्हतं, ते पटवायच्या भानगडीत दोघंही पडले नाहीत. अध्यक्ष नानासाहेब, उपाध्यक्ष विशाखा. विहार गल्लीतली पोरं चिडली. "ताई, ह्यांच्यासंगं?" विशाखा म्हणाली, "सोयरीक नाय केली रे. कामाचा करार केलाय." द्वारकाबाई समोरच्या बाकावर विरोधात बसल्या आणि पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "नवरा-नवरीचं किती दिवस टिकतंय ते बघू!"

टिकलं, मित्रांनो. आणि ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत अभिमानाचे ठरले. पाळीच्या दिवशी एका टोकाला नानासाहेब, दुसऱ्या टोकाला विशाखा. दोघं समोरासमोर, एकमेकांच्या डोळ्यांत बघत. कुणी जास्त जोर केला की मी लगेच कलायचे, आणि दुसरा म्हणायचा, "सावकाश, सावकाश." मुक्कामही वाटून घेतला. एक पाळी मी नानासाहेबांच्या ओसरीत, पुढची पाळी विशाखाच्या घरी. ओसरीत टीव्ही चालू असायचा. त्यावर मोठमोठी माणसं भांडत असायची, कोणत्या राज्यात कोणी कोणाचा पाठिंबा काढला, कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसलं. नानासाहेब खदखदून हसायचे. "ह्या लोकांना आपली वॉलची चावी धरायला लावली पाहिजे." ते ऐकून मी भिंतीशी जरा ताठ व्हायचे.

त्या पहिल्या पाळीला चढ गल्लीत जे झालं ते मी कधी विसरणार नाही. तिथं रूपा नावाची तरुण बाई राहते. नवरा विमानतळाजवळ गाडी चालवतो. तिचा सम्यक तेव्हा जन्मून थोडेच दिवस झाले होते. बाळंतीण असून ती खालून हंडे आणायची. त्या दिवशी तिच्या दारातला नळ खोकला, फुरफुरला, आणि त्यातून पाणी आलं. दुसऱ्या पाळीला ती बाळाला छातीशी धरून टाकीपाशी आली आणि सम्यकच्या जुन्या दुपट्याची मऊ पट्टी तिनं माझ्या एका टोकाला गुंडाळली.

"विशाखाताई, हाताला घट्टे पडतात तुमच्या," ती म्हणाली.

"आन् माझे हात काय दगडाचे?" नानासाहेब म्हणाले. त्यांनी आपल्या उपरण्याचा काठ फाडला आणि स्वतःच्या टोकाला बांधला. एका टोकाला दुपटं, एका टोकाला उपरणं! मित्रांनो, राजाच्या छत्रीला नसेल असा माझा थाट होता.

पण उन्हाळा लागला. पाळी लांबत गेली, आणि टाकीतल्या प्रत्येक हंड्यावरून माणसं तुटून पडायला लागली. एकदा चाळ गल्लीचा वॉल कुणी तरी उघडाच विसरला आणि गटारातून पाणी वाहिलं. नानासाहेब संतापले.

"बास झालं. चारी गल्ल्यांच्या चाव्या माझ्याकडं आणा. कधी उघडायचं, कधी लावायचं, आता एकच माणूस बघील."

"नाना, हे आपलं ठरलेलं नव्हतं," विशाखा म्हणाली. "चाळीला समज द्या, दंड लावा. पण चाव्या गल्लीच्या हायेत. बदलायचं तर रविवारी बैठकीत मांडा."

"मांडतो की."

पण नानासाहेबांनी बैठकीची वाट बघितलीच नाही. वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून गल्ल्यांनी चाव्या देऊन टाकल्या. त्याच संध्याकाळी माझ्या चारही बहिणी नानासाहेबांच्या ओसरीत, माझ्याशेजारी, खुंटीला लटकल्या. किती दिवसांनी आम्ही एकत्र आलो होतो! पण आनंद कसला? त्या आपापल्या घरातून उचलून आणलेल्या. खुंटीवर त्या किणकिणायच्या, आणि मला ते ऐकवत नव्हतं.

विहार गल्लीत पोरं ओरडायला लागली, "पाठिंबा काढा!" द्वारकाबाई तर, मला मागाहून कळलं, डबा घेऊन थेट विशाखाच्या दारात गेल्या.

"भरली वांगी आणलीत. खा आन् ऐक. तुझी तीन, माझी दोन. म्हाताऱ्याला खाली उतरवू."

"आन् पहिलं पाणी कुणाला?"

द्वारकाबाई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "ते बघू की मग."

"मग मीबी रविवारचं बघते, मावशी. जे बोलायचं ते बैठकीत, सगळ्यांदेखत बोलीन."

रविवारच्या आधीच पाळी आली. आणि त्या दिवशी टाकी नेहमीपेक्षा लवकर भरली. विशाखा कारखान्यात होती. तिनं फोनवर सांगितलं, "सुट्टी मागितलीय. निघालेच. थांबा." नानासाहेब चेंबरपाशी उभे होते. ऊन तापलं होतं, भांड्यांची रांग लागली होती, आणि लोक घाई करत होते. त्यांनी घड्याळ बघितलं, टाकीकडं बघितलं.

"एवढ्याशा कामाला किती जणांची वाट बघायची?" ते म्हणाले.

पुतण्यानं पुढं होऊन विचारलं, "मी धरू का दुसरं टोक?"

"नको. उद्या म्हणतील दोन्ही टोकं घरच्यांनीच धरली. पाइप आण."

बघा कसं असतं माणसाचं मन! घरच्या माणसाला टोक द्यायचं नाही एवढा प्रामाणिकपणा होता, पण दुसऱ्याची वाट बघायला धीर नव्हता. त्यांनी माझ्या एका टोकावरचं दुपटं सोडून बाजूला ठेवलं, त्या टोकावर लांब पोकळ पाइप चढवला, आणि एकट्यानं, एकाच बाजूनं, सगळं अंग टाकून जोर लावला.

मला दोन्हीकडून जोर सोसायची सवय होती. एकाच बाजूनं एवढा भार कधी आला नव्हता. मी जेमतेम फिरले आणि वाकले. कमरेत कळ गेली. खाली वॉलमधला पाणी अडवणारा पडदा दोन बोटं उचलला गेला आणि तिरका होऊन अडकला. वर टाकीभर पाणी, आणि खाली करंगळीएवढी धार. ती धार पहिल्या मळा गल्लीतच संपत होती.

नानासाहेबांनी पाइप टाकला आणि ते चेंबराच्या काठावर खाली बघत बसले.

विशाखा धापा टाकत पोचली तोवर अर्धी वसाहत जमली होती. द्वारकाबाई सगळ्यांत पुढं. "या ताई, या! बघा तुमच्या अध्यक्षांचा पराक्रम. मी म्हणत होते, आत्ताच्या आत्ता पाडा हे सरकार. इथंच, चेंबरावर!"

पोरं ओरडली. विशाखानं माझ्याकडं बघितलं. माझी वाकलेली कंबर बघून तिचा चेहरा उतरला; तिच्या सासऱ्यांच्या हातचं काम होतं ते. ती नानासाहेबांकडं वळली, ओठ घट्ट मिटलेले. त्या क्षणी तिनं एक शब्द काढला असता तर सगळं तिथंच मोडलं असतं.

तेवढ्यात गर्दीतून रूपा आली. खांद्यावर सम्यक, मान टाकून पडलेला.

"ताई, ह्याचं पोट बिघडलंय कालपासून. डॉक्टर म्हणले पाणी उकळून गार करून थोडं थोडं पाजत राहा. घरात एक तांब्या उरलाय. लंगोट धुवायला थेंब नाय. तुम्ही सरकार पाडा नायतर ठेवा, मला काय त्यातलं कळत नाय. पण पाणी कधी येईल ते सांगा."

  द्वारकाबाईंनीच पहिल्यांदा लेकराच्या पाठीवरून हात फिरवला आणि भाचीला पिटाळलं, "जा, आपल्या घरनं कळशीभर घेऊन ये." पण कळशीनं किती वेळ भागणार? आणि चढ गल्लीत लेकुरवाळी काय एकटी रूपाच होती?

विशाखा म्हणाली, "पाठिंब्याचं रविवारी. पाणी आज. नाना, उठा. तुमच्या मळ्यात पाइपलाइन हाय. असा वॉल अडकला तर काय करता?"

नानासाहेबांनी मान वर केली. मला वाटतं, इतक्या लोकांत त्यांना कुणी तरी काही विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"वर टाकीचा दाब हाय, पुढं पाइप रिकामा," ते हळू आवाजात म्हणाले. "पडदा एका बाजूनं दाबला गेलाय. पुढचा पाइप भरला तर दोन्हीकडं दाब सारखा होईल, आन् पडदा सुटंल. ही धार हाय ती पाइपातच साठू द्यायची. पण त्याला चारी गल्ल्यांचे वॉल पक्के बंद पाहिजेत."

"चाव्या तुमच्याकडंच हायेत," विशाखा म्हणाली. आवाजात धार होती. "जा. करा बंद."

नानासाहेब ओसरीतून माझ्या बहिणी घेऊन आले आणि पहिल्या चेंबरकडं निघाले. मळा गल्लीचं चेंबर माझ्यापासून हाकेवर. झाकणावर लक्ष्मीबाई मांडी ठोकून बसल्या होत्या, भोवती बादल्या. त्यांच्याच गल्लीतल्या, नात्यातल्या.

"भाऊजी, इथं हात लावायचा नाय. एवढीशी धार येतीय, तीबी तोडता? चूक तुमची, तहान आमची, हे कुठलं?"

"वहिनी, चावी माझ्याकडं—"

"चावी असंल. उठवा मला इथनं, बघू!"

मित्रांनो, चारही चाव्या त्या माणसाच्या मुठीत होत्या, आणि त्याला एक झाकण उचलता येत नव्हतं.  मग त्यांनी मूठ उघडली, मळा गल्लीची चावी निवडली आणि लक्ष्मीबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"ही तुमची. मी घ्यायला नको होती. बंद करायचं का नाय ते गल्लीनं ठरवा. मी मागतोय, सांगत नाय."

लक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. "किती वेळ?"

"पाइप भरंपर्यंत."

"आन् नाय सुटला तर?"

"तर माझ्या घरची टाकी गल्लीसाठी उघडी. तळ दिसंपर्यंत."

बायकांची कुजबुज झाली. एक म्हणाली नको, दुसरी म्हणाली त्या लेकराकडं बघा. शेवटी लक्ष्मीबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "चढावरच्या लेकरासाठी करतीय. तुमच्यासाठी नाय, हे ध्यानात ठेवा." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं वॉल बंद केला.

चाळ गल्लीची चावी द्वारकाबाईंनी जवळजवळ हिसकावूनच घेतली. "द्या इकडं. विरोधात असले तरी पाणी माझंबी हाय." विहार गल्लीची पोरं पळत गेली. चढ गल्लीचा वॉल रूपाच्या शेजारणीनं लावला. प्रत्येक वॉल बंद होताना पाइपातून बारीक टक्क असा आवाज माझ्यापर्यंत यायचा. माझ्या बहिणी आपापल्या जागी पोचल्या, हे मला तसं कळलं.

मग वाट बघणं. सगळी वसाहत पाण्याविना, स्वतःहून. कुणी कुणाला दटावलेलं नाही. खाली पाइप गुळगुळत भरत होता. हळूहळू तो आवाज जड झाला, मग थांबला.

विशाखानं बाजूला ठेवलेलं दुपटं उचललं, झटकलं आणि माझ्या टोकाला पुन्हा गुंडाळलं. ती तिथं उभी राहिली. नानासाहेब समोर. दोघांमध्ये मी, कमरेत वाकलेली.

"आधी जरासं मागं, मग पुढं," नानासाहेब म्हणाले. "चावी वाकलीय. माझ्याकडून जास्त जोर झाला तर सांगा."

"सांगते. तुम्हीबी सांगा."

आणि मी फिरले! दुखत होतं, पण फिरले. अर्धा आटा मागं, एक आटा पुढं. पडदा खरवडला, सरळ झाला, उचलला गेला. टाकीतलं पाणी असं काही धावलं की माझ्या अंगातून शिरशिरी गेली. "पहिला चढ गल्लीचा वॉल!" विशाखा ओरडली. आणि द्वारकाबाई, ज्यांनी पहिलं पाणी चाळीला म्हणून हट्ट धरला होता, त्याच हात तोंडाशी धरून वरच्या गल्लीकडं हाळी देत होत्या, "उघडा गं! उघडा! पाणी सुटलंय!"

लांब, चढावर, एक नळ खोकला. फुरफुरला. आणि रूपाच्या हंड्यात धार पडल्याचा आवाज आला. तीन गल्ल्या ओलांडून तो मला कसा ऐकू आला म्हणाल, तर पाइप मला सगळं सांगतो.

रविवारी बैठक झाली. मला तिथं नेलं होतं, पुरावा म्हणून. विशाखानं सगळं सगळ्यांदेखत बोलून दाखवलं. करार कुठं मोडला, कुणाला न विचारता मोडला. नानासाहेबांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग ते उठले. "अध्यक्षपद मी सोडतो. विशाखाताईंचं नाव सुचवतो. माझी चार मतं त्यांना. पण चावीचं एक टोक मला राहू द्या." सम्यक तेव्हा रूपाच्या मांडीवर पाय झाडत होता, बरा झालेला, त्यानं मध्येच एक मोठी किंकाळी मारली. द्वारकाबाई म्हणाल्या, "एक मत ह्याचंबी धरा."

गल्लीच्या चाव्या गल्लीकडंच राहतील, हा ठराव नऊच्या नऊ मतांनी झाला. द्वारकाबाईंना कुणी तरी म्हणालं, "आता तुम्हीबी कारभारात या की." त्या म्हणाल्या, "मी बाहेरच बरी. दोघं गोडीनं बसलेत, डोळा ठेवायला कुणी तरी नको?" आणि खरंच, आता प्रत्येक पाळीला त्या चेंबरपाशी पाठीमागं हात बांधून उभ्या असतात. त्यांच्या नजरेखाली काम करायला मला आवडतं.

मोतीरामबाबा आता थकलेत. मला नवी करून आणू असं पोरं म्हणत होती, पण त्यांनी ऐकलं नाही. भट्टीत तापवून, हलक्या हातानं ठोकून त्यांनी मला सरळ केलं. तरी कमरेत थोडा बाक राहिला. मालनबाई म्हणाल्या, "अजून जरा ठोका की." बाबा म्हणाले, "लई ठोकलं तर मोडंल. ऱ्हाऊ दे. ज्याला दिसंल त्याला आठवंल."

मित्रांनो, मी काही फार मोठी नाही. माझ्यामुळं चार गल्ल्यांना पाणी मिळतं, एवढंच. पण तुमच्याही शहरात, राज्यात, देशात कुठं ना कुठं अशी एक चावी असेलच, जिला दोन टोकं आहेत आणि जिच्या धाकट्या बहिणी गल्लोगल्ली आपापली घरं सांभाळतात. तिला तेल द्या. तिला उन्हात टाकू नका. तिच्या बहिणींना खुंटीला टांगू नका. वाट बघताना वेळ जातो, डोकं तापतं, समोरचा माणूस आवडत नाही; मला सगळं ठाऊक आहे, माझ्या कमरेत ते अजून आहे. तरीही जोर लावण्याआधी एकदा मान वर करून बघा, समोरच्या टोकाला कुणी आहे ना. नसेल तर थांबा. ती निघालेली असते.